−१ आणि −१ मिळून −२ का होत नाही? वॉरहॅमर ४०के मधले मॉडिफायर कुठे अडतात आणि कसे सोडवायचे

वॉरहॅमर ४०के हा टेबलावर सैनिकांच्या छोट्या प्रतिकृती मांडून फाशांवर खेळायचा युद्धखेळ. शूटिंग फेज, म्हणजे टर्नमधला गोळीबाराचा टप्पा, चालू असतो. समोरच्याने बारा फासे मुठीत घेतलेले असतात आणि टाकायच्या आधी प्रश्न येतो, "चारवर लागतंय की पाचवर?" एक जण म्हणतो लक्ष्याला स्टेल्थ (दडून राहण्याची क्षमता, मारणाऱ्याला −१) आहे म्हणून पाच. दुसरा म्हणतो, मी जागचा हललो नाही, हेवीचा (न हलता झाडलं तर नेम सुधारणाऱ्या हत्याराचा) +१ आहे, म्हणजे चार. तिसरा, नुसता बघायला बसलेला, आठवण करून देतो की रणगाडा डॅमेज्ड आहे, त्याचा वेगळा −१. मग फोन बाहेर येतात, पीडीएफ उघडतात आणि खेळ दहा मिनिटं ठप्प होतो. पुढच्या टर्नला दुसऱ्या युनिटवरून हेच पुन्हा.

ही अडचण नवख्यांनाच येते असं नाही. कित्येक वर्षं खेळणारेही इथे अडकतात, कारण त्यांच्या डोक्यात तीन आवृत्त्यांचे नियम एकमेकांत मिसळलेले असतात. प्रत्येक क्षमता, प्रत्येक स्ट्रॅटेजम (पॉइंट खर्चून खेळायची खास चाल) पाठ करून हे सुटत नाही, कारण ते पाठ होणंच शक्य नाही. सुटतं ते एका सवयीने: कुठलाही +१ किंवा −१, म्हणजे मॉडिफायर, ऐकला की तो किती आहे हे विचारायच्या आधी तो कशाला लागतो हे विचारायचं. बाकी सगळं गणित त्या उत्तराच्या मागून येतं.

खालचं सगळं दहाव्या आवृत्तीला धरून आहे, म्हणजे जून २०२३ मध्ये आलेल्या नियमांना. भांडण सुरू झालं की सगळ्यात आधी दोघंही एकाच आवृत्तीबद्दल बोलताय ना, हे तपासा. निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

मॉडिफायर नेमका कुठे बसतो

हल्ल्याच्या वेळी मॉडिफायर दोन प्रकारच्या जागी बसू शकतो. एक म्हणजे फाशावर: हिट रोल (गोळी लागली का), वुंड रोल (जखम झाली का), सेव्हिंग थ्रो (चिलखताने वाचवलं का). दुसरी जागा म्हणजे डेटाशीटवर छापलेला आकडा: बॅलिस्टिक स्किल (बीएस, म्हणजे नेम; ४+ असेल तर ४ किंवा जास्त पडले की लागतं), टफनेस (चिवटपणा), सेव्ह, हत्याराचा एपी (चिलखत भेदण्याचा आकडा; −२ असेल तर सेव्हला २ जास्त लागतात), डॅमेज. टेबलावर दोन्ही ‘प्लस वन’ म्हणूनच ओरडले जातात, पण नियमांच्या लेखी ती दोन वेगळी खाती आहेत. हिट आणि वुंड रोलवरच्या मॉडिफायरांना ±१ ची कॅप (कमाल मर्यादा) आहे. छापलेल्या आकड्यात होणाऱ्या बदलांना ती कॅप लागत नाही.

अ‍ॅस्ट्रा मिलिटारम घ्या, म्हणजे साध्या माणसांची सेना, जिला खेळाडू ‘गार्ड’ म्हणतात. ‘टेक एम!’ ही ऑर्डर दिली की युनिटच्या हत्यारांचं बॅलिस्टिक स्किल १ ने सुधारतं. हा आकड्यातला बदल झाला. कॅडियन शिपायाच्या लासगनचं बीएस ४+ आहे, ते ३+ झालं. आता समोरचं युनिट स्टेल्थवालं असेल तर हिट रोलवर −१, म्हणजे प्रत्यक्षात ४ लागेल. आता ४+ चंच पण हेवी असलेलं हत्यार घेऊन ऑर्डर मिळालेलं आणि जागचं न हललेलं युनिट धरा. बीएस ३+ झालं, वर हिट रोलला +१, म्हणजे २ वर लागतं. "दोन +१ झाले, कॅप आहे, तीनवरच लागणार" असा आक्षेप इथे हमखास येतो आणि तो चुकीचा आहे. एक +१ आकड्यात गेला, एक फाशावर. फाशावर एकच +१ आहे, कॅपशी संबंधच आला नाही. ताऊ एम्पायर या सेनेचं ‘फॉर द ग्रेटर गुड’ असंच चालतं: मार्गदर्शन मिळालेल्या युनिटचं बीएस सुधारतं, हिट रोलला हात लागत नाही.

म्हणून क्षमतेचा मजकूर वाचताना क्रियापद शोधा. ‘हिट रोलमध्ये १ मिळवा’ किंवा ‘हिट रोलमधून १ वजा करा’ असं असेल तर फासा. ‘अमुक कॅरेक्टरिस्टिक १ ने सुधारा’ किंवा ‘बिघडवा’ असं असेल तर छापलेला आकडा. गेम्स वर्कशॉपने दहाव्या आवृत्तीत ही शब्दयोजना बऱ्यापैकी काटेकोर पाळली आहे. क्षमतेचं नाव आठवून किंवा ‘म्हणजे तेच ना’ असं म्हणून पुढे जाऊ नका. मजकूर उघडा आणि ते एक वाक्य मोठ्याने वाचा.

बेरीज आधी, कॅप नंतर

सगळ्यात जास्त वेळा चुकतं ते इथे. हिट रोलवरचे सगळे + आणि − एकत्र मिळवायचे, आणि अखेरची बेरीज +१ च्या वर किंवा −१ च्या खाली गेली तरच ती ±१ वर आणायची. मध्ये कुठेही कॅप लावायची नाही.

सुरुवातीचाच प्रसंग घेऊ. रणगाड्याच्या हत्याराचं बीएस ४+. हेवी आहे आणि रणगाडा जागचा हलला नाही: +१. रणगाडा डॅमेज्ड झालाय: −१. लक्ष्याला स्टेल्थ आहे: −१. बेरीज −१. म्हणजे ५ वर लागणार.

चुकणारा खेळाडू काय करतो? आधी दोन्ही वजा एकत्र करतो, −२ ला कॅप लावून −१ करतो आणि मग हेवीचा +१ मिळवून शून्यावर येतो. त्याच्या मते ४ वर लागतं. बारा फाशांवर सरासरी काढली तर ५ वर चार हिट आणि ४ वर सहा हिट. एका शूटिंगमध्ये दोन हिटचा फरक पडतो. रणगाड्याच्या तोफेचे दोन हिट म्हणजे कधी कधी अख्खं युनिट.

हेवीवाल्याला यात अन्याय झाल्यासारखं वाटतं, आणि ते मी समजू शकतो. हेवी नसतं तर बेरीज −२, कॅपने −१, म्हणजे ५ वरच लागलं असतं. हेवी असूनही ५ वरच लागतंय. मग हेवीचा उपयोग काय? त्या एका हल्ल्यात काहीच नाही. त्या +१ ने कॅपच्या पलीकडचा, तसाही वाया जाणारा −१ खाल्ला. आयकराच्या जुन्या पद्धतीत ८० सी खाली दोन लाख गुंतवले तरी वजावट दीड लाखाचीच मिळते, आणि त्यातले पन्नास हजार कमी केले तरी वजावट तेवढीच राहते. कॅपच्या बाहेरचा भाग हलवून हाती काही लागत नाही.

याची दुसरी बाजू बचाव करणाऱ्याने लक्षात ठेवावी. दुसरा −१ अगदीच निरुपयोगी नसतो. समोरच्याकडे +१ असण्याची शक्यता असेल तर तो −१ विम्यासारखा पडून राहतो. समोर हेवी हत्यारं किंवा हिट रोलला +१ देणारा कमांडर दिसत असेल तर दुसरा −१ ठेवण्यात अर्थ आहे. नसेल तर ते पॉइंट दुसरीकडे खर्च करा.

आणि दोन टोकं कायम डोक्यात असू द्या. फाशावर पडलेला मूळ १ नेहमी चुकतो, मूळ ६ नेहमी लागतो, मॉडिफायर काहीही असोत. बीएस ६+ वाल्यावर −१ टाकून तुम्ही त्याला शून्यावर आणू शकत नाही.

ही कॅप आली कुठून

हे माहीत असलेलं बरं, कारण जुने खेळाडू अजूनही जुन्या सवयीने −३ म्हणतात. २०१७ च्या आठव्या आवृत्तीत हिट रोलचे मॉडिफायर बेलगाम साचायचे. एल्डार सेनेतल्या अलाइटॉक क्राफ्टवर्ल्ड या गटाला १२ इंचांपलीकडून मारलं तर −१ मिळायचा. त्यांच्या विमानांना ‘हार्ड टू हिट’चा आणखी −१. वर ‘लाइटनिंग-फास्ट रिअ‍ॅक्शन्स’ स्ट्रॅटेजम टाकला की तिसरा −१. बीएस ४+ वाल्या गार्ड शिपायाला आता ७ पडायला हवेत. सहा बाजूंच्या फाशावर. मूळ ६ नेहमी लागतोच असा सरसकट नियमही तेव्हा नव्हता. म्हणजे शेकडो गोळ्या झाडून एकही न लागण्याची हमी. बीएस ५+ वाल्या ऑर्कांची अवस्था तर −२ लाच संपायची, म्हणून २०१८ च्या त्यांच्या कोडेक्समध्ये (सेनेच्या नियमपुस्तकात) ‘डाका! डाका! डाका!’ या नियमातून मूळ ६ नेहमी लागेल अशी सोय करावी लागली.

जुलै २०२० च्या नवव्या आवृत्तीने ±१ ची कॅप आणली आणि मूळ ६ सगळ्यांसाठीच पक्का केला. दहाव्याने ते कायम ठेवलं. माझ्या मते त्या आवृत्तीतला हा सगळ्यात चांगला बदल होता. समोरच्याला फासे टाकण्याचंच कारण उरत नाही अशी सेना बांधणं हा खेळ नव्हे. कॅपमुळे काही क्षमता एकमेकींवर पडून वाया जातात हे खरं, पण ती किंमत मोजण्यासारखी आहे.

"मी +१ आहे, माझे ५ सुद्धा क्रिटिकल ना?"

नाही. क्रिटिकल हिट म्हणजे मूळ ६, मिळवाबेरीज करण्याआधीचा. लीथल हिट्स (थेट जखम), सस्टेन्ड हिट्स (जादा हिट) या क्षमता क्रिटिकल हिटवर चालतात. हिट रोलला +१ असला तरी ५ चा ६ होऊन लीथल हिट्स सुरू होत नाही. उलटही तेच: −१ असला तरी मूळ ६ क्रिटिकलच राहतो. ज्या क्षमता ‘५+ वर क्रिटिकल’ असं स्पष्ट म्हणतात त्यांची गोष्ट वेगळी, पण तिथेही मूळ आकडाच बघायचा.

री-रोलचा (फासा पुन्हा टाकण्याचा) घोळ याच कुळातला. री-रोल नेहमी मॉडिफायरच्या आधी होतो. ‘१ असलेले हिट रोल पुन्हा टाका’ म्हणजे मूळ १. समोरच्याचा −१ आहे म्हणून मूळ २ चा १ झाला, आता तो पुन्हा टाकतो, असं चालत नाही. आठव्या आवृत्तीत ‘चुकलेले रोल पुन्हा टाका’ अशा क्षमता खूप होत्या, आणि तिथे बीएस ३+ वाल्याला −१ असताना मूळ ३ पडला तर फार वैताग व्हायचा. मॉडिफायरआधी तो बरोबर होता म्हणून पुन्हा टाकता येत नव्हता, आणि मॉडिफायरनंतर तो चुकायचा. दहाव्यात बहुतेक ठिकाणी नुसतं ‘हिट रोल पुन्हा टाकू शकता’ असं लिहिलेलं असतं. तिथे पूर्ण मोकळीक आहे. तो ३ उचला आणि टाका. ६ च हवे असतील तर लागलेले फासेसुद्धा पुन्हा टाकता येतात. एक फासा दुसऱ्यांदा री-रोल होत नाही, मग क्षमता दोन असोत की चार.

सेव्हचा गुंता

इथे जरा सावकाश जाऊ, कारण इथे तीन वेगवेगळ्या जागा एकाच फाशाभोवती जमतात: मॉडेलचा सेव्ह, हत्याराचा एपी, आणि सेव्हिंग थ्रोवरचा कव्हरचा (आडोशाचा) +१.

स्पेस मरीन या चिलखती सैनिकाचा सेव्ह ३+ आहे आणि तो कव्हरमध्ये उभा आहे. ग्लॅडियस टास्क फोर्स डिटॅचमेंटमध्ये (सेनेसाठी निवडलेल्या नियमसंचात) ‘आर्मर ऑफ कन्टेम्प्ट’ हा १ सीपीचा (कमांड पॉइंटचा) स्ट्रॅटेजम आहे. तो हल्ल्याचा एपी १ ने बिघडवतो, म्हणजे −२ चा −१ होतो. हा हत्याराच्या आकड्यातला बदल आहे, कव्हर मात्र फाशाला लागतं, म्हणून दोन्ही एकत्र चालतात. इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं. पुढचं विसरलं जातं: सेव्ह ३+ किंवा त्याहून चांगला असेल तर एपी ० च्या हल्ल्याविरुद्ध कव्हरचा लाभ मिळत नाही.

आता एकेक एपी घेऊन बघा. एपी −२ असेल तर नुसत्या कव्हरमध्ये सेव्ह ४+ होतो. स्ट्रॅटेजम टाकला तर एपी −१, वर कव्हर, म्हणजे ३+. सीपी वसूल. एपी −३ ला ५+ चा ४+ होतो, तोही फायदाच. पण एपी −१ असेल तर? नुसत्या कव्हरमध्ये ३+ असतोच. स्ट्रॅटेजम टाकला की एपी ० झाला, एपी ० झाला की कव्हर गेलं, आणि सेव्ह पुन्हा ३+. एक सीपी गेला आणि फासा होता तिथेच. कव्हरमधल्या मरीनवर एपी −१ च्या हत्यारांविरुद्ध हा स्ट्रॅटेजम कधीच टाकू नका. मैदानात उघड्यावर उभे असाल तर टाका, तिथे ४+ चा ३+ होतो.

गार्ड शिपायाकडे बघा म्हणजे हे साचणं खऱ्या अर्थाने काय करू शकतं ते दिसेल. सेव्ह ५+. ‘टेक कव्हर!’ ऑर्डर सेव्हचा छापलेला आकडा १ ने सुधारते, ३+ च्या वर मात्र नेत नाही. म्हणजे ४+. तो भिंतीआड असेल तर फाशाला कव्हरचा +१. समोरून एपी −२ आला. ऑर्डर आणि भिंत दोन्ही नसती तर ७ हवे होते, म्हणजे सेव्हच नाही. दोन्ही असताना ५+ ला सेव्ह मिळतो. मेलेच म्हणून धरलेल्या शिपायांपैकी तिसरा हिस्सा वाचतो. एका ऑर्डरच्या बदल्यात हा भाव फार चांगला आहे, आणि तरी मी कित्येक गार्ड खेळाडूंना पहिल्या टर्नपासून नुसतं ‘टेक एम!’ ओरडताना बघतो.

इन्व्हल्नरेबल सेव्हची (चिलखत भेदलं तरी टिकणाऱ्या सेव्हची) भानगड सोपी आहे. एपी त्याला लागत नाही आणि कव्हरही त्यात मिळवत नाहीत.

टफनेस वाढवला तरी फरक का पडला नाही

वुंड रोललाही ±१ ची कॅप आहे आणि तीही हिटसारखीच, बेरीज करून शेवटी लावायची. पण वुंडला किती लागतात ते हत्याराची स्ट्रेंग्थ आणि लक्ष्याचा टफनेस यांच्या तुलनेवर ठरतं, म्हणून इथे आकड्यातला बदल आणि फाशावरचा बदल यांचा परिणाम एकसारखा नसतो. टफनेस १ ने वाढवला तर फायदा होईलच असं नाही. स्ट्रेंग्थ ५ विरुद्ध टफनेस ६, लागतात ५. टफनेस ७ केला तरी ५ च लागतात, कारण स्ट्रेंग्थ टफनेसच्या निम्म्यावर किंवा त्याखाली गेलेली नाही. पण स्ट्रेंग्थ ८ विरुद्ध टफनेस ४ असेल तर स्ट्रेंग्थ बरोब्बर दुप्पट, म्हणून २ वर वुंड. तिथे टफनेस ५ केला की ३ वर. वुंड रोलवरचा −१ मात्र मूळ ६ सोडून सगळीकडे काम करतो.

म्हणून टफनेस वाढवणारी क्षमता कुठल्या हत्याराविरुद्ध वापरायची ते आधी बघा. समोरची स्ट्रेंग्थ तुमच्या टफनेसच्या उंबरठ्यावर असेल, उदाहरणार्थ बरोबरीची, जेमतेम एकाने जास्त, किंवा नेमकी दुप्पट, तर ती सोनं आहे. नाहीतर सीपी जपून ठेवा.

सेना बांधताना यातून निघणारा हिशेब असा. छत्तीस गोळ्या, बीएस ३+, स्ट्रेंग्थ आणि टफनेस दोन्ही ४, एपी −१, सेव्ह ३+. काहीच बचाव नसेल तर सरासरी २४ हिट, १२ वुंड, ६ सेव्ह चुकतात. हिट रोलवर दोन −१ लावले तर कॅपमुळे एकच चालतो: १८ हिट, ९ वुंड, साडेचार चुकतात. त्याऐवजी एक −१ हिटवर आणि एक −१ वुंडवर लावला तर १८ हिट, ६ वुंड, ३ चुकतात. खर्च तोच, टिकाव दीडपट. वेगवेगळ्या फाशांवर पसरवलेला बचाव एकाच फाशावर रचलेल्या बचावाला बहुतेक वेळा मागे टाकतो.

डॅमेजचा क्रम

आकड्यात एकाहून जास्त बदल असतील तर क्रम ठरलेला आहे: आधी भागाकार, मग गुणाकार, मग बेरीज, शेवटी वजाबाकी. अपूर्णांक सगळं झाल्यावर वर न्यायचा, मध्ये नाही.

मेल्टागनचं डॅमेज डी६ (एका फाशावर पडेल तेवढं), मेल्टा २. निम्म्या पल्ल्याच्या आत असाल तर डॅमेजला +२. समोर नेक्रॉन सेनेचा सीतान, ज्याच्यावर येणारं डॅमेज निम्मं होतं. फाशावर ५ पडले. बहुतेक जण ५ आणि २ सात करतात, निम्मे साडेतीन, वर नेऊन चार. नियमाप्रमाणे आधी निम्मं: अडीच. मग +२: साडेचार. मग वर नेऊन ५. सीतानची एक वुंड जास्त गेली. मारणाऱ्याला हा क्रम फायद्याचा आहे, म्हणून तो माहीत नसल्याचं नुकसानही त्याचंच.

रिडेम्प्टर ड्रेडनॉटसारख्यांचं डॅमेज १ ने कमी करणं त्या मानाने सरळ आहे. ते शेवटी वजा करा.

एकच नाव दोनदा

स्टेल्थ असलेल्या युनिटवर ‘स्मोकस्क्रीन’ टाकणं ही नेहमीची उधळपट्टी. स्मोकस्क्रीन दोन गोष्टी देतो: कव्हर आणि स्टेल्थ. स्टेल्थ आधीच आहे, ती दुप्पट होत नाही. युनिट आधीच भिंतीआड असेल तर कव्हरही दुसऱ्यांदा मिळत नाही, कारण कव्हरचा लाभ एका वेळी एकदाच. म्हणजे सीपी शंभर टक्के वाया. एकाच नावाचा ऑरा (जवळच्या युनिटांना लागणारी क्षमता) दोन मॉडेलकडून पोचत असेल तरी एकदाच लागतो. फील नो पेन (झालेली जखम झटकायचा फासा) दोन असतील तर प्रत्येक वेळी त्यातला एकच वापरायचा, साहजिकच चांगला असलेला.

स्टेल्थबद्दल आणखी एक, कारण ही तक्रार फार येते: "माझ्या युनिटला स्टेल्थ होती, आज समोरचा म्हणतो नाही." युनिटमधल्या प्रत्येक मॉडेलकडे स्टेल्थ असेल तरच तो −१ मिळतो. युनिटला लीडर जोडला आणि त्याच्याकडे स्टेल्थ नसेल तर अख्ख्या युनिटची गेली. यादी बनवतानाच हे तपासा, डिप्लॉयमेंट झाल्यावर नाही.

दुसऱ्या खेळात गेलात तर

४०केची कॅप सोबत नेऊ नका. बोल्ट अ‍ॅक्शनच्या दुसऱ्या आवृत्तीत (२०१६) मूळ ३+ वर लागतं आणि वजा मोकळेपणाने साचतात: प्रत्येक पिन मार्करला (गोळीबाराखाली दबल्याच्या खुणेला) −१, चालत गोळी झाडली तर −१, लांब पल्ला −१, हार्ड कव्हर −२. दोन पिन असलेलं युनिट चालत जाऊन लांबवरच्या भिंतीआडच्या शत्रूवर झाडतंय, तर एकूण −६, म्हणजे ९ हवेत. तिथे कॅप नाही, पण वाट बंदही नाही: ७ किंवा जास्त लागत असतील तर ६ टाका आणि पाठोपाठ पुन्हा ६ टाका. छत्तीसात एक. त्यामुळे तिथे पिन काढणं हा गोळी झाडण्याइतकाच महत्त्वाचा निर्णय असतो.

इन्फिनिटी या खेळाच्या चौथ्या आवृत्तीत, एन४ मध्ये (२०२०), वीस बाजूंचा फासा आहे आणि कॅप ±१२. कव्हर −३, मिमेटिझम (परिसरात मिसळून जाणं) −६, चुकीचा पल्ला −६, एकूण −१५, ती −१२ वर थांबते. तिथे बीएसइतकं किंवा त्याहून कमी पडावं लागतं, म्हणून बीएस १३ वाल्याकडे १ उरतो. कॅप नसती तर फासा उचलायलाच नको होता.

मॉडिफायर झटकून टाकणाऱ्या क्षमता

काही युनिट ‘हिट रोलवरचे कोणतेही किंवा सगळे मॉडिफायर दुर्लक्षित करू शकतात’. यातला ‘कोणतेही किंवा’ हा भाग हल्ला करणाऱ्याला निवड देतो. हेवीचा +१ ठेवायचा, स्टेल्थ आणि डॅमेज्डचे दोन्ही −१ फेकून द्यायचे. ४+ वाल्याला ३ वर लागतं. समोरचा म्हणेल, दुर्लक्ष करायचं तर सगळ्यांकडे कर. तसं नाही, मजकूर दाखवा. मात्र क्षमतेत नुसतं ‘सगळे’ असेल, निवड दिलेली नसेल, तर +१ ही जातो. आणि ती क्षमता फक्त हिट रोलबद्दल बोलते की बीएसबद्दलही, तेही बघा. हिट रोलपुरतीच असेल तर समोरच्याने बिघडवलेलं बीएस तसंच राहतं.

टेबलावर हे सगळं दर वेळी तोंडी करू नका. यादीसोबत एक छोटा कागद ठेवा आणि प्रत्येक युनिटसमोर दोन रकाने करा, ‘आकडा’ आणि ‘फासा’. हल्ला जाहीर झाला की फासे हातात घ्यायच्या आधी दोघांनी मिळून तो वाचायचा: बीएस किती झालं, हिट रोलवर बेरीज किती, कॅप लागली का, किती वर लागतंय. समोरच्याचं हो आलं की मगच फासे टाका. फासे पडल्यावर काढलेला मॉडिफायर, बरोबर असला तरी, खेळाची मजा घालवतो. मोठ्या स्पर्धेत कितीतरी गोड खेळ असेच कडू झालेले मी बघितलेत. आणि मजकूर वाचूनही दोघांचं जमलं नाही तर आयोजकाला बोलवा. तो यायला वेळ लागत असेल तर फासा टाकून तेवढ्यापुरता निकाल लावा आणि पुढच्या युनिटकडे वळा.